डोपामिनचे रस्ते आणि एक गोळी
ठाणे, विशेष प्रतिनिधी

भास होणाऱ्या रुग्णाला मनोविकारतज्ज्ञ गोळी सुरू करतात. काही आठवड्यांत भास ओसरतात, पण त्याच सुमारास रुग्णाचे हात कापू लागतात, चाल मंदावते, चेहऱ्यावरचे भाव गोठल्यासारखे होतात. दुसऱ्या एखाद्या घरात याच्या नेमके उलट घडते. कंपवाताने जखडलेल्या आजोबांना गोळीने पुन्हा चालते-फिरते केलेले असते, आणि काही काळाने त्यांना खोलीत नसलेली माणसे दिसू लागतात. ठाण्यापासून कल्याण-डोंबिवलीपर्यंतच्या कोणत्याही मेंदूविकारतज्ज्ञाला वा मनोविकारतज्ज्ञाला हे दोन्ही प्रकार नवे नाहीत. घरच्यांना मात्र वाटते, औषध तरी चुकले किंवा डॉक्टर तरी. बहुतेक वेळा दोघेही चुकलेले नसतात. दोन्ही घरांतल्या प्रकारांमागे एकच रसायन असते, ते म्हणजे डोपामिन. हे रसायन मेंदूत कोठून निघते आणि कोठे पोहोचते, याचा नकाशा पाहिला की हे कोडे बरेचसे उलगडते.

हा नकाशा तयार व्हायला सुमारे सत्तर वर्षे लागली असून तो आजही पूर्ण झालेला नाही. त्याची पहिली रेघ स्वीडनमध्ये ओढली गेली हे खरे. पण ती ओढण्यासाठी लागलेले औषध भारतीय वनस्पतीतून आले होते आणि त्या वनस्पतीकडे जगाचे लक्ष वेधणारा डॉक्टर मुंबईचा होता.

मुंबईची सर्पगंधा, स्वीडनचे ससे

सर्पगंधेचे मूळ उन्मादावर आणि निद्रानाशावर देण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. १९३१ साली कलकत्त्याच्या गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी वेड आणि रक्तदाब या दोन्हींवर तिचा उपयोग होत असल्याचे लिहिले. तथापि पाश्चात्त्य वैद्यकाने तिची दखल घेतली ती १९४९ नंतर. त्या वर्षी मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये उच्च रक्तदाबाच्या रुग्णांवरील सर्पगंधेच्या चाचणीचा अहवाल प्रसिद्ध केला. अमेरिकेत बोस्टनमध्ये आणि इतरत्र तिच्यावर प्रयोग सुरू झाले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीतील संशोधकांनी मुळातून ‘रेसर्पिन’ हे द्रव्य वेगळे काढले. रक्तदाबावर आणि मनोविकारांवर ते एकाच वेळी वापरले जाऊ लागले. या कामासाठी १९५७ च्या लास्कर पुरस्काराच्या मानकऱ्यांत डॉ. वकील यांचे नाव होते.

रेसर्पिनने रुग्ण शांत होत, पण काहींना कंपवातासारखी लक्षणे दिसू लागत. असे का व्हावे, याचे उत्तर स्वीडनचे औषधशास्त्रज्ञ आर्विद कार्लसन यांनी १९५७ साली सशांवरील प्रयोगातून दिले. रेसर्पिन टोचलेले ससे कान पाडून निपचित पडून राहिले. डोपामिन ज्याच्यापासून बनते ते ‘एल-डोपा’ नावाचे द्रव्य टोचताच ते थोड्याच वेळात उठून हालचाल करू लागले. तोपर्यंत डोपामिन म्हणजे नॉरअ‍ॅड्रिनॅलिन बनवताना मधल्या पायरीवर तयार होणारा कच्चा माल, एवढीच त्याची ओळख होती. रेसर्पिनने मेंदूतील पेशींची रासायनिक कोठारे रिकामी होतात आणि हालचाल थांबते. म्हणजे हालचालीला डोपामिन स्वतःच लागते, हा त्या सशांनी दिलेला धडा होता. पाठोपाठ कार्लसन यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की मेंदूतील बहुतांश डोपामिन ‘स्ट्रायटम’ या खोलवरच्या भागात साठलेले असते.

हाच धागा व्हिएन्नात ओलेह होर्निकिएविच यांनी पकडला. कंपवाताने मरण पावलेल्या रुग्णांचे मेंदू मिळवून त्यांनी १९६० साली त्यातील डोपामिन मोजले आणि स्ट्रायटममधील साठा जवळपास संपलेला आढळला. वर्षभरातच रुग्णांना शिरेतून एल-डोपा देऊन पाहण्यात आले. अंथरुणाला खिळलेली माणसे काही तासांपुरती का होईना, उठून बसली. १९६७ मध्ये अमेरिकेत जॉर्ज कोत्झियास यांनी ते तोंडावाटे वाढत्या मात्रेत देण्याची पद्धत बसवली. २००० सालचे नोबेल कार्लसन यांना दोघांसह मिळाले. होर्निकिएविच मात्र वगळले गेले आणि २०० हून अधिक मेंदूशास्त्रज्ञांनी खुले पत्र लिहून त्याविषयी नापसंती कळवली. ती रास्तच म्हटली पाहिजे.

हिरव्या उजेडातला नकाशा

डोपामिन स्ट्रायटममध्ये साठते हे कळले, पण ते तेथे येते कोठून? पेशी एकीकडे आणि तिचा तंतू भलतीकडे, अशी मेंदूची रचना असते. डोपामिन डोळ्यांना दिसत नाही. ते दिसावे म्हणून स्वीडनच्या बेंग्ट फाल्क आणि निल्स-ओके हिलार्प यांनी १९६० च्या दशकाच्या प्रारंभी एक युक्ती शोधली. मेंदूचा तुकडा गोठवून वाळवायचा आणि त्याला फॉर्माल्डिहाइडची वाफ द्यायची. मग विशिष्ट प्रकाशात सूक्ष्मदर्शकाखाली डोपामिन व नॉरअ‍ॅड्रिनॅलिन असलेल्या पेशी हिरव्या झळकतात, सेरोटोनिनच्या पेशी पिवळ्या.

हिलार्प यांचे दोन तरुण सहकारी, आनिका डालस्ट्रोम आणि शेल फुक्से, यांनी या पद्धतीने उंदराच्या जातीतील मोठ्या प्राण्याचा, म्हणजे घुशीच्या धाकट्या भावंडासारख्या प्रयोगशाळेतील ‘रॅट’चा मेंदू कापांमागून काप तपासला आणि १९६४ साली पेशींच्या घोळक्यांची यादी प्रसिद्ध केली. त्यांनी घोळक्यांना दिलेली नावे अगदी रुक्ष होती. ए-१ पासून ए-१२ हे हिरवे, बी-१ पासून बी-९ हे पिवळे. आजही जगभरातील प्रयोगशाळांत हीच नावे चालतात. त्यातील ए-८ पासून पुढचे घोळके डोपामिनचे. पुढे यादी वाढत घ्राणकंद आणि डोळ्याच्या पडद्यापर्यंत, ए-१७ पर्यंत गेली. १९७१ मध्ये उर्बान उंगरस्टेट यांनी ठरावीक जागी इजा करून कोणता तंतू सुकतो हे पाहत रस्त्यांचा सविस्तर नकाशा काढला. तरीही कवचाकडे, म्हणजे मेंदूच्या बाहेरच्या घडीदार थराकडे जाणारा रस्ता निसटलाच होता. तो फ्रेंच संशोधकांनी १९७३ साली दाखवून दिला.

रेल्वेच्या नकाशाशी परिचित असलेल्या वाचकाला ही रचना समजायला अवघड नाही. मुंबईहून आलेला मार्ग कल्याणला फुटतो, एक फाटा कसाऱ्याकडे जातो आणि दुसरा कर्जतकडे. मध्यमेंदूत असेच एक छोटे जंक्शन आहे. त्यातल्या ए-९ या घोळक्याला ‘सबस्टॅन्शिया नायग्रा’ म्हणजे ‘काळे द्रव्य’ म्हणतात, कारण माणसात या पेशी खरोखरच काळपट दिसतात. येथून निघालेले तंतू स्ट्रायटमच्या वरच्या भागात जातात आणि हालचालींची सुरुवात व लय सांभाळतात. कंपवातात मरतात त्या प्रामुख्याने याच पेशी. शेजारच्या ए-१० मधून, म्हणजे ‘व्हीटीए’मधून, दुसरा रस्ता निघतो. तो स्ट्रायटमच्या खालच्या टोकाशी असलेल्या ‘न्यूक्लियस अ‍ॅक्युम्बन्स’पर्यंत जातो. एखादी गोष्ट मिळवण्यासाठी धडपडावेसे वाटणे, चाहूल लागणे, सवय जडणे हे या वाटेचे काम. तिसरा रस्ताही येथूनच कपाळामागच्या अग्रखंडाकडे वळतो. लक्ष टिकवणे, बेत आखणे त्यावर अवलंबून असते. चौथा रस्ता अगदी वेगळ्या ठिकाणचा आणि आखूड आहे. हायपोथॅलॅमसमधील ए-१२ या घोळक्याचे तंतू डोपामिन पिट्युटरी ग्रंथीकडे जाणाऱ्या रक्तात सोडतात आणि दूध उत्पन्न करणाऱ्या ‘प्रोलॅक्टिन’ या संप्रेरकाला लगाम घालून ठेवतात.

दुसऱ्या आणि तिसऱ्या रस्त्यांची हद्द पाठ्यपुस्तकात दिसते तितकी स्पष्ट नाही. शिवाय रॅट आणि माणूस यांचे नकाशे हुबेहूब जुळत नाहीत. रॅटमध्ये कवचाकडे जाणारे डोपामिनचे तंतू मुख्यतः अग्रखंडाच्या काही भागांतच दिसतात. माकडात आणि माणसात ते हालचालींच्या कवचासह फार मोठ्या प्रदेशात पसरले आहेत. सस्तन प्राण्यांचा आराखडा एक, पण वस्तीची दाटी निरनिराळी.

या सगळ्या व्यवस्थेचा आकार पाहिला तर आश्चर्य वाटते. माणसाच्या मेंदूत सुमारे ८६ अब्ज चेतापेशी आहेत. त्यातील मध्यमेंदूच्या डोपामिन पेशी चार ते सहा लाख, म्हणजे २०११ च्या जनगणनेतील कल्याण-डोंबिवलीच्या लोकसंख्येच्या निम्म्याहूनही कमी. एवढ्याशा पेशींना एवढा मोठा मुलूख सांभाळता येतो, कारण प्रत्येकीचा तंतू अफाट फांद्या काढतो. जपानमधील संशोधकांनी २००९ साली रॅटच्या ए-९ मधील एकेका पेशीचा तंतू शेवटच्या फांदीपर्यंत मोजला. एका पेशीच्या तंतूच्या फांद्यांची स्ट्रायटममधील लांबी सरासरी सुमारे ४७ सेंटीमीटर भरली. तीही हाताच्या बोटाएवढ्या मेंदूत. इतका पसारा पोसायला लागणारी ऊर्जा हेच या पेशी आधी थकण्याचे एक कारण असावे, असे अनेक संशोधक मानतात.

रेल्वेची उपमा येथवरच चालते. गाडी रुळावरून फलाटावर थांबते. डोपामिन मात्र तंतूच्या टोकातून बाहेर पडल्यावर आजूबाजूच्या द्रवात पसरते आणि ज्या पेशीवर त्याला ओळखणारा ग्राहक असेल तिला संदेश देते. गोळीचा प्रश्न सुरू होतो तो इथेच.

मुख्य वाहिनीच बंद

जलवाहिनीच्या दुरुस्तीसाठी पालिका शटडाऊन जाहीर करते, तेव्हा गळती एका गल्लीत असली तरी नळ साऱ्या प्रभागाचे कोरडे पडतात. भास कमी करणारी औषधे असेच काही करतात. क्लोरप्रोमाझिन हे त्यातले पहिले औषध १९५२ साली पॅरिसमध्ये वापरात आले आणि जगभरातील मनोरुग्णालयांचे रूप पालटले. १९०१ सालापासून उभे असलेले ठाण्याचे मनोरुग्णालय हे पुणे, नागपूर आणि रत्नागिरीसह राज्यातील चार प्रादेशिक मनोरुग्णालयांपैकी एक. बहुतेक ठाणेकरांना अलीकडे ते नव्या रेल्वे स्थानकाच्या जागेच्या निमित्तानेच आठवते. तेथील भिंतीआडच्या आयुष्यात सर्वांत मोठा फरक कशाने पडला असेल, तर या वर्गातील औषधांनी.

ही औषधे डोपामिनच्या ‘डी-२’ या ग्राहकांवर जाऊन बसतात. दुसऱ्या रस्त्यावरची खळबळ शमावी, हा हेतू. पण डी-२ ग्राहक पहिल्या रस्त्यावरही आहेत आणि चौथ्यावरही. पहिला रस्ता अडला की कंप, ताठरपणा, सतत येरझाऱ्या घालण्याची अस्वस्थता. चौथा अडला की प्रोलॅक्टिन मोकाट सुटते. बाईची पाळी थांबते, क्वचित अंगावर दूध येते. अविवाहित मुलीच्या बाबतीत हे घडले तर घरात काय वादळ उठते, ते वेगळे सांगायला नको. आणि हा औषधाचा परिणाम आहे हे आधी सांगितलेले असेल तर ते वादळ टळते. तिसऱ्या रस्त्यावर, जिथे आधीच डोपामिन तोकडे असल्याचा संशय आहे, तिथे निरुत्साह आणखी वाढू शकतो.

औषधाला रस्ता निवडता येत नाही. डॉक्टरांच्या हातात उरते ती मात्रा. ती किती नाजूक असते, हे टोरांटोत भारतीय वंशाचे मनोविकारतज्ज्ञ शितिज कपूर आणि सहकाऱ्यांनी २००० साली मोजून दाखवले. हॅलोपेरिडॉल घेणाऱ्या, पहिल्यांदाच आजारी पडलेल्या २२ रुग्णांच्या मेंदूचे पेट स्कॅन त्यांनी काढले. डी-२ ग्राहकांपैकी ६५ टक्के व्यापले गेले की आराम पडण्याची शक्यता वाढे. ७२ टक्क्यांपुढे प्रोलॅक्टिन वाढे आणि ७८ टक्क्यांपुढे हालचालींचे त्रास सुरू होत. उपचार आणि उपद्रव यांच्यातली ही खिडकी अवघ्या तेरा टक्क्यांची. नंतर आलेली क्लोझापिन, क्वेटियापिन यांसारखी औषधे ग्राहकावरून चटकन सुटतात, त्यामुळे त्यांच्यापासून कंप कमी होतो. वजन आणि साखर वाढणे ही त्यांची दुसरी किंमत.

उलट टोकाला कंपवाताचा रुग्ण. मुंबईतील पारशी वसाहतींत घरोघर जाऊन केलेल्या आणि १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या भरुचा व सहकाऱ्यांच्या पाहणीत १४,०१० व्यक्तींत ४६ जणांना हा आजार आढळला होता. हे प्रमाण लाखामागे ३२८ पडते. वयस्क माणसांची संख्या मोठी असलेल्या समाजात हा आजार किती दिसू शकतो, याची ती कल्पना देते. आणि आता आपल्या शहरांतही वृद्धांचे प्रमाण वाढत आहे. लक्षणे ठळक दिसेपर्यंत स्ट्रायटममधील बहुतेक डोपामिन संपलेले असते. लेव्होडोपा, म्हणजेच एल-डोपा, ती तूट भरून काढते. सोबतची कार्बिडोपा ते मेंदूबाहेर खर्ची पडू देत नाही. पण हा भरणा फक्त पहिल्या रस्त्यावर होत नाही. दुसरा रस्ता कंपवातात तुलनेने शाबूत असतो, आणि कोरड्या रस्त्याला पुरेल एवढे पाणी सोडले की शाबूत रस्त्यावर पूर येतो. भास हे त्याचे एक रूप आहे. मात्र कंपवातातील भासांना आजाराची स्वतःची प्रगती आणि इतर कारणेही असतात. अशा भासांवर हॅलोपेरिडॉल दिले तर उरलीसुरली हालचालही थांबेल. म्हणून येथे मात्रा कमी करणे, नाहीतर अल्प मात्रेत क्वेटियापिन वा क्लोझापिन, हाच मार्ग उरतो.

याच पुराचे दुसरे रूप घरात ओळखूच येत नाही. प्रामिपेक्सोल, रोपिनिरोल ही डोपामिनची नक्कल करणारी औषधे घेणाऱ्या काहींना जुगाराचा, खरेदीचा, खाण्याचा किंवा लैंगिक वर्तनाचा अनावर सोस लागतो. उत्तर अमेरिकेत ३,०९० कंपवातग्रस्तांच्या पाहणीत (२०१०) अशा औषधांवर असलेल्यांपैकी १७.१ टक्के जणांत असा किमान एक सोस आढळला. ही औषधे न घेणाऱ्यांत ते प्रमाण ६.९ टक्के होते. आयुष्यभर पै-पैचा हिशेब ठेवलेले निवृत्त गृहस्थ एकाएकी शेअर बाजारात पैसे उधळू लागले, तर आपल्याकडे त्याला ‘म्हातारचळ’ म्हणून मोकळे होतात. लाजेपोटी डॉक्टरांना कुणी सांगत नाही. सांगितले, तर औषध हळूहळू कमी करून बहुतेकदा हे आटोक्यात येते.

पित्ताची गोळी

या नकाशाचा संबंध मनोरुग्णालयाशी वा कंपवाताशीच आहे, असे समजून कुणी पान उलटू नये. मळमळ, पित्त, गॅस आणि चक्कर यांवर सर्रास लिहून दिल्या जाणाऱ्या काही गोळ्या हेच डी-२ ग्राहक अडवतात. मेटोक्लोप्रमाइड, प्रोक्लोरपेराझिन, आणि आम्लपित्ताच्या गोळीसोबत एकाच कॅप्सूलमध्ये येणारी लेव्होसल्पिराइड ही त्यातली ठळक नावे. चक्करेवरील सिनॅरिझिन आणि अर्धशिशीवरील फ्लुनॅरिझिन यांचाही असा परिणाम होऊ शकतो. चार-सहा दिवस घेतल्यास बहुतेकांना काही होत नाही, तरुणांत क्वचित मान वा जबडा आखडतो. पण चिठ्ठी जुनी, गोळी चालू, औषधाच्या दुकानातून महिनोन्‌महिने तीच कॅप्सूल परत परत, असे झाले आणि रुग्ण साठीपुढचा असला, तर कंपवातासारखे चित्र उभे राहते. लेव्होसल्पिराइडमुळे असे घडल्याच्या नोंदी भारतीय मेंदूविकारतज्ज्ञांनीही प्रसिद्ध केल्या आहेत. मग त्या कंपावर लेव्होडोपा सुरू होते आणि मूळची कॅप्सूल तशीच चालू राहते. एका हाताने नळ बंद, दुसऱ्याने टाकी भरणे!

डोम्पेरिडोन हे याच कुळातले औषध, पण ते रक्त आणि मेंदू यांमधला पडदा फारसे ओलांडत नाही. त्यामुळे त्याने कंप सहसा येत नाही. कंपवाताच्या रुग्णांना मळमळीसाठी तेच देतात, अर्थात हृदयाच्या ठोक्यांवर नजर ठेवून. पिट्युटरी ग्रंथी मात्र या पडद्याच्या बाहेर असल्याने प्रोलॅक्टिन तेही वाढवते.

औषधाने आलेला कंप आणि खरा कंपवात वेगळे ओळखण्यास नकाशाच उपयोगी पडतो. १९८३ साली कॅनडात किरणोत्सारी एफ-डोपा वापरून जिवंत माणसाच्या मेंदूतील डोपामिनची पहिली चित्रे निघाली. आज भारतातही एफ-डोपा पेट आणि ट्रोडॅट स्कॅन उपलब्ध आहेत. खऱ्या कंपवातात स्ट्रायटममधील तंतूंची टोके झडलेली दिसतात. केवळ औषधाचा परिणाम असेल तर ती जागच्या जागी असतात, आणि गोळी थांबवल्यावर काही आठवड्यांत वा महिन्यांत कंप बहुधा ओसरतो. काहींचा ओसरत नाही. त्यांच्यात दबा धरून बसलेला कंपवात गोळीने फक्त उघडा पाडलेला असतो. अर्थात यातली कोणतीही गोळी, विशेषतः भासांवरची आणि लेव्होडोपा, स्वतःच्या मनाने एकदम बंद करणे धोक्याचे असते. डॉक्टरांकडे जाताना घरात चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटे, पित्ताच्या गोळीसह, बरोबर न्यावीत.

खाजकुइलीच्या शेंगा

मुरबाड-शहापूरच्या रानात पावसाळ्यानंतर खाजकुइलीचे वेल शेंगांनी लगडतात. शेंगेवरील लव अंगाला लागली की आग आणि खाज सुटते. आतल्या बिया मात्र ‘कवचबीज’ म्हणून वैद्यकात मानाच्या. १९३७ साली दामोदरन आणि रामस्वामी या भारतीय रसायनशास्त्रज्ञांनी या बियांतून एल-डोपा वेगळे केले; त्याचा मेंदूतील उपयोग कळण्याच्या वीस वर्षे आधी. मुंबईतील डॉ. अशोक वैद्य आणि सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये ‘न्यूरॉलॉजी इंडिया’त कवचबीजाने कंपवाताच्या रुग्णांवर केलेल्या उपचारांचा अहवाल दिला. पुढे झंडू कंपनीच्या ‘एचपी-२००’ या चूर्णावर ६० रुग्णांची चाचणी झाली आणि १९९५ साली प्रसिद्ध झाली. लंडनमध्ये २००४ साली आठच रुग्णांवर केलेल्या तुलनेत कवचबीजाचा परिणाम नेहमीच्या गोळीपेक्षा लवकर सुरू झाला.

याचा अर्थ चूर्ण निर्धोक आहे असा होत नाही. बियांतील एल-डोपाचे प्रमाण वेलीगणिक बदलते, सोबत कार्बिडोपा नसते, आणि गोळी चालू असताना ‘आयुर्वेदिकच आहे’ म्हणून चूर्ण वर घेतले तर तीच मात्रा दुप्पट झाल्यासारखे होते. रस्ता गोळीचा आणि चूर्णाचा एकच आहे.

चौथी सीट आणि ‘सुखाचे रसायन’

डोपामिनला ‘सुखाचे रसायन’ म्हणण्याची पद्धत पडली आहे; मोबाइलपासून उपास करून ‘डोपामिन कमी करण्याचे’ सल्लेही त्यावरूनच निघाले. त्याचे मूळ १९५४ साली मॉन्ट्रियलमध्ये ओल्ड्स आणि मिल्नर यांनी केलेल्या प्रयोगात आहे. मेंदूतील ठरावीक जागी तार बसवलेले रॅट कळ दाबून स्वतःलाच विजेचा झटका पुनःपुन्हा देत राहिले. ही सुखाची जागा, असा समज झाला. पुढे केंट बेरिज यांनी दाखवले, की डोपामिन जवळजवळ नष्ट केलेला रॅटही जिभेवर साखर ठेवली की चवीने ओठ चाटतो. तो फक्त साखरेकडे जाण्याचे कष्ट घेत नाही. आवड शिल्लक राहते, ओढ जाते.

वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांच्या डोपामिन पेशींत सूक्ष्म तारा घालून आणखी बारकावा टिपला (१९९७ चा लेख प्रसिद्ध आहे). सकाळच्या डोंबिवली लोकलमध्ये चौथ्या सीटची आशाही नसताना एकदम खिडकी मिळाली, तर या पेशी जोराने चमकतील. रोजच्या ठरलेल्या माणसाने रोजच्यासारखी जागा राखून ठेवली, तर प्रत्यक्ष बसताना त्या गप्पच. त्या चमकतील तो माणूस दुरून दिसताक्षणी. आणि राखलेली जागा आयत्या वेळी दुसऱ्याने बळकावली, की त्यांची नेहमीची टिकटिकही क्षणभर थांबेल. म्हणजे या पेशी अपेक्षा आणि मिळकत यांतला फरक कळवतात, सुखाचे माप देत नाहीत. ‘डोपामिनचा उपास’ केल्याने मेंदूतील डोपामिन कमी होत नाही. मोबाइल बाजूला ठेवल्याने सवय मोडते, ते चांगलेच आहे. त्यासाठी रसायनशास्त्राला वेठीस धरायची गरज नाही.

या वाटेवरील संशोधन महाराष्ट्रातही चालते. नागपूर विद्यापीठाच्या औषधनिर्माणशास्त्र विभागातील डॉ. दादासाहेब कोकरे, पुण्याच्या आयसरमधील डॉ. निशिकांत सुभेदार आणि सहकाऱ्यांनी, मॉन्ट्रियलच्या त्या कळ दाबणाऱ्या रॅटचीच पद्धत वापरून, ‘कार्ट’ नावाच्या प्रथिनखंडाचा माग काढला. हायपोथॅलॅमसमधील कार्ट-पेशी थॅलॅमसमधील एका थांब्यामार्गे अ‍ॅक्युम्बन्सपर्यंत निरोप पोहोचवतात, असे त्यांनी २०१८ साली मांडले. मोठ्या रस्त्याला कोणत्या गल्ल्या येऊन मिळतात, याचा हा नकाशा आहे.

जुन्या नावांखालचे नवे गाव

ए-९ आणि ए-१० ही नावे टिकली, पण त्या प्रत्येक नावाखाली एकाच प्रकारच्या पेशी आहेत हा समज टिकला नाही. जनुकांच्या खुणांवरून पेशींचे पोटप्रकार वेगळे करून प्रत्येकाचा तंतू स्वतंत्रपणे रंगवण्याचे तंत्र आता उंदरांत वापरले जाते. अमेरिकेतील संशोधकांनी २०१८ साली अशा पोटप्रकारांच्या वाटांचा नकाशा प्रसिद्ध केला. त्याच वर्षी डोपामिन जवळ येताच चमकणारी प्रथिनेही तयार झाली. त्यामुळे हिंडत्या-फिरत्या उंदराच्या मेंदूत डोपामिन कोणत्या क्षणी कोठे सुटते, हे थेट पाहता येते. २०२२ मध्ये माणसाच्या काळ्या द्रव्यातील एकेक पेशी तपासली गेली, तेव्हा डोपामिन पेशींचे दहा प्रकार निघाले. कंपवातात त्यातला एक प्रकार इतरांपेक्षा कितीतरी अधिक झडलेला होता. तो आधी का मरतो हे शोधण्यावर आता बराच जोर आहे. कारण नेमक्या त्या पेशी वाचवणारे औषध मिळाले, तर चारही रस्त्यांवर एकच गोळी सोडण्याची वेळ उशिरा येईल.

मेलेल्या पेशींच्या जागी नव्या रुजवण्याचे प्रयत्नही चालू आहेत. एप्रिल २०२५ मध्ये ‘नेचर’मध्ये दोन छोट्या चाचण्या एकत्र प्रसिद्ध झाल्या. क्योटोत सात आणि अमेरिका-कॅनडात बारा रुग्णांच्या मेंदूत मूलपेशींपासून वाढवलेल्या डोपामिन पेशी सोडण्यात आल्या. पेशी जगल्या, डोपामिन बनवू लागल्या आणि गंभीर धोका दिसला नाही. गुण किती येतो हे ठरवायला मोठ्या चाचण्या लागतील. या पेशी मूळ गावी, काळ्या द्रव्यात, रुजवलेल्या नाहीत. प्रौढ मेंदूत तिथून स्ट्रायटमपर्यंतचा रस्ता तंतूला पुन्हा चालून जाता येईल याची खात्री नसते. म्हणून सुई थेट स्ट्रायटमच्या ‘प्युटामेन’ या भागात नेली जाते आणि पेशी जिथे डोपामिन हवे तिथेच उतरवल्या जातात.